हैबती तांबटाचं घर

खुर्ची उंबऱ्यावर अडली.
चाकं दोनदा मागं-पुढं केली, रखवालदारानंही हात लावला,
पण जुना उंबरा तो,
बाईंच्या गुडघ्यांसाठी थोडाच झिजणार.
"तू जा," बाई म्हणाल्या. "नीट बघून ये. मग सांग."

आम्ही दोघीही बाई.
त्या शाळेतल्या, इतिहासाच्या, चौतीस वर्षं;
मी ब्युरोची, बारा तासांची.
रखवालदाराच्या वहीत त्यांनी लिहिलं:
सुलोचना आगाशे, अधिक एक.
तो अधिक एक घेऊन मी आत गेले.

दोन खोल्या.
विझलेली भट्टी, तिच्या तोंडाशी कुणीतरी टाकलेला
चॉकलेटचा कागद.
ऐरण. तीन हातोड्या, दांडे नवे बसवलेले.
बाहेर आळी ठोकतच होती, रविवार असून,
त्यामुळे घर रिकामं वाटेना.

काचेखाली एक मोडी कागद,
शेजारी आपल्याला कळेल असा करून लिहिलेला:
कुणबीण एक, नाव मोगरी, वय अजमासे बारा,
रंग सावळा, डाव्या भुवईवर व्रण,
दात शाबूत,
किंमत रुपये अडतीस.
पुढच्या ओळीत म्हैस, दुभती.
तिची किंमत मी वाचली नाही.

ब्युरोचा फॉर्म आठवला.
उंची. वजन. ओळखीची खूण.
मी लिहिलं होतं: उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग.
आधार कार्ड अजून त्यांच्याच कपाटात आहे.
हे ते नव्हे, मला कळतं.
मला पगार आहे, मी सुट्टी मागते, कधी मिळतेही.
पण काचेत माझं तोंड त्या कागदावर पडलं होतं
आणि ते बाजूला घ्यायला
मला जरा वेळ लागला.

रखवालदार मागून सांगत होता, पाठ केल्यासारखं:
हैबतीला लिहिता येत नव्हतं.
अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा,
कचेरीच्या पायरीवर उभा मात्र स्वतः, चार-चार दिवस.
मोठ्या घरांनी हंडे-घागरी घेणं बंद केलं त्याच्याकडून,
तर हा बैलांच्या घंटा ठोकायला लागला.
आणि सुटून आलेल्या प्रत्येकीला एक तांब्या द्यायचा.
चिठ्ठीवरची अक्षरं बघून बघून
त्यावर तिचं नाव ठोकायचा.

तांब्या एकच उरलाय.
मोग्राबाई, असं आहे त्यावर. चुकलंय,
आणि दुरुस्त न करता तसंच ठेवलंय.
खाली, जिथं अमक्या-तमक्याकडून असं असतं,
तिथं: हस्ते स्वतः.

"काय पाहिलंस?"
भट्टी सांगितली. हातोड्या, घंटा सांगितल्या.
म्हशीचं सांगितलं.
"आणि?" तो शाळेतला आवाज.
"आणि एक तांब्या."
तांब्याचं सांगताना
सिंकच्या कडेला पालथा असतो तो माझा कप,
दांडी तुटलेला, वेगळा ठेवलेला,
त्याचं काही बोलले नाही.
बाई बराच वेळ उंबऱ्याकडे बघत होत्या.
ऊनही डोळ्यांवर येत होतं त्यांच्या.

आळीच्या तोंडाशी मशीनवाला बसतो,
अक्षराला दहा रुपये.
मी पिशवीतून डबा काढला,
पोळी-भाजी कागदात गुंडाळून बाईंच्या मांडीवर ठेवली.
त्यांनी पर्स उघडली.
"माझे मी देते," म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं गेलं.

"नाव?"
"सोजर."
"कोणाकडून घालू?"

मशीन सुरू झालेलं.
डब्याच्या बुडातून मुंग्या कोपरापर्यंत चढत होत्या.
"तेवढंच घाला," म्हणाले. "तीन अक्षरं."